आई वेगळी, यंत्र एकच

पाळकसाहेबांचा फोन वाजला तेव्हा त्यांच्या तोंडात दुसऱ्याच्या वाढदिवसाचा केक होता. आपल्या चर्चच्या मंडळीतल्या एका आजोबांकडे ते प्रार्थनेला गेले होते. त्यांनी संदेश वाचला, आणि घास आतही जाईना, बाहेरही येईना. आज्ञा बिशपसाहेबांची होती आणि प्रेमळ भाषेत होती, म्हणजे सुटकेचा मार्ग नव्हता. येत्या रविवारी सगळ्या पाळकांनी व्यासपीठांची अदलाबदल करायची. याने त्याच्या मंडळीत जाऊन उपदेश करायचा, त्याने याच्या. कळपाला नवा आवाज, मेंढपाळाला नवं कुरण. जोड्या चिठ्ठ्या टाकून ठरवल्या होत्या, आणि पाळकसाहेबांची जोडी लागली होती उंटाशी.

उंट म्हणजे सेमिनरीतला, पाळक घडवणाऱ्या कॉलेजातला, जिवाभावाचा मित्र. मान लांब, चाल डुलती, आणि एकदा पेलाभर पाणी पोटात गेलं की तो पुढचा सगळा वेळ न थांबता बोलू शकायचा. त्याच्या शेजारच्या खाटेवर झोपणाऱ्या आपल्या हडकुळ्या पाळकसाहेबांना मग ओघानंच 'सुई' हे नाव चिकटलं. बायबलात सुईच्या नेढ्यातून उंट जाण्याची जी जुनी अडचण आहे, तिच्यावर वर्गात इतके विनोद झाले की शेवटी प्राचार्यांनी त्या वचनावर बंदी घातली. वचनावर बंदी घालणारी ती बहुधा पहिलीच सेमिनरी असावी.

"वाईट बातमी?" वाढदिवसवाल्या आजोबांनी विचारलं.

"नाही नाही, आनंदाची," पाळकसाहेब म्हणाले आणि पाणी मागितलं.

आता जिवलग मित्राच्या मंडळीत जायचं म्हटल्यावर माणसानं खूश व्हावं. पण गोची निराळीच होती. या दोघांच्यात एक सोय होती. 'सोय' हा शब्द उंटाचा. पाळकसाहेबांनी त्या प्रकाराला नाव द्यायचं टाळलं होतं, कारण नाव दिलं की ते पाप म्हणून कुठंतरी बसवावं लागलं असतं. एका आठवड्यात पाळकसाहेबांनी उपदेश तयार करायचा आणि फोनमध्ये बोलून, रेकॉर्ड करून उंटाला पाठवायचा. पुढच्या आठवड्यात उंटानं तयार करायचा आणि यांना पाठवायचा. दोन मंडळ्या, उपदेश एकच, आणि दोघांना एकाआड एक आठवडा सुट्टी.

सुरुवात मात्र शुद्ध प्रेमातून झाली होती. पाळकसाहेबांची आई गेली त्या दिवसांत त्यांना एक ओळ सुचेना. व्यासपीठावर उभं राहिलं की नुसती पानं उलटत राहायचे. तेव्हा उंट म्हणाला होता, "तू गप्प पड. मी पाठवतो, तू नुसता म्हण." त्यानं पाठवले, यांनी म्हटले, नोकरी टिकली. पुढं उपकार फेडायचे म्हणून यांनीही पाठवायला सुरुवात केली. मैत्रीनं जन्माला घातलेलं ते पोर आळसानं केव्हा दत्तक घेतलं, ते दोघांनाही कळलं नाही.

आणि उपदेशांबरोबर नातेवाईकही इकडचे तिकडे झाले. 'माझ्या मित्राच्या काकांची गोष्ट' असं म्हटलं की लोक घड्याळ बघतात. 'माझे काका' म्हटलं की मान वर करतात. त्यामुळं उंटाचे पोस्टमन काका पाळकसाहेबांच्या मंडळीत पाळकसाहेबांचे काका झाले. हे काका कुत्र्यांना इतके घाबरायचे की पत्रं दगडाला गुंडाळून सायकलवरून फेकायचे. 'देवाचं वचन कधी कधी काच फोडून आत येतं' हा त्यातला बोध. मंडळीला फार आवडायचा. फुटलेल्या काचांचं पुढं काय झालं, हे कोणी विचारलं नाही.

बदल्यात पाळकसाहेबांनी आपली आई दिली होती. तिच्याबद्दल त्यांना स्वतःला बोलता येत नव्हतं; 'आ' म्हटलं की पुढचं अक्षर घशात रुतायचं. पण फोनशी एकट्यानं बोलता यायचं, अडखळत का होईना. वाटायचं, आपल्या नाही तर नाही, उंटाच्या तोंडून तरी ती कुठल्यातरी चर्चमध्ये जात राहील. एकेक करून सगळ्या गोष्टी देऊन टाकल्या. त्यानंतर रडू येणं थांबलं. हळूहळू बाकीचंही काही येईनासं झालं. प्रार्थना म्हणजे बिघडलेल्या लिफ्टचं बटण दाबल्यासारखं: दिवा लागायचा, लिफ्ट यायची नाही. हे कोणाला सांगायचं? पाळकाला सांगतात असल्या गोष्टी, आणि पाळक तर हेच.

घरी येऊन त्यांनी फोन लावला.

"मेलो," उंट म्हणाला. नमस्कार नाही, चमत्कार नाही.

"तू काय बोलणार माझ्याकडं?"

"तेच विचारायला तर तुला फोन केला."

"फोन मी केलाय."

"मग तूच सांग."

"हे बघ, पोस्टमन काका अजिबात काढायचे नाहीत. माझ्या मंडळीला ते तोंडपाठ आहेत. परवा एक बाई विचारत होत्या, काकांचा गुडघा कसा आहे."

"अरे, पण माझे सख्खे काका आहेत ते!"

"इथं ते माझे आहेत. माणूस एका वेळी एकाच ठिकाणी काका असू शकतो."

उंटानं उसासा टाकला. "बरं. मग तूही आईचं काही काढू नकोस तिकडं."

"मी कुठला काढतोय. पण काढलं तरी बिघडलं काय? तू 'माझ्या मित्राची आई' असंच सांगतोस ना?"

उत्तराऐवजी पलीकडून गटागट पाणी प्यायल्याचा आवाज आला.

"उंटा?"

"सुरुवातीला तसंच सांगायचो रे. कोणी ढिम्म हललं नाही. मग एकदा चुकून 'माझी आई' निघून गेलं तोंडातून, आणि समोर बसलेला दातांचा डॉक्टर रडला. तो माणूस लोकांना रडवतो, सुई. स्वतः रडत नाही."

"तुझी आई जिवंत आहे!"

"देवाच्या दयेनं."

"पहिल्या बाकावर बसते!"

"तिला कमी ऐकू येतं."

"किती कमी?"

"पुरेसं कमी," उंट म्हणाला आणि घाईघाईनं फोन ठेवला.

शनिवारपर्यंत पाळकसाहेब घरात असे वावरत होते, जणू सगळ्या खुर्च्या नुकत्याच रंगवल्यात. बायको शाळेत गणित शिकवायची. उत्तराआधी पायऱ्या बघायची तिला सवय. ती त्यांचा पांढरा झगा इस्त्री करत होती.

"उद्या काय बोलणार?"

"निवासमंडपाचे पडदे."

"पडदे?"

"बायबलातल्या त्या तंबूच्या पडद्यांची मापं. किती रुंद, किती लांब, कड्या कशाच्या होत्या."

"लोक झोपतील."

"झोपलेला माणूस शंका विचारत नाही."

तिनं इस्त्री उभी केली. "तुमच्या त्या पोस्टमन काकांबद्दल मी कधी चकार शब्द काढला नाही. पण आपल्या लग्नात तुमचे सगळे काका माझ्याकडून पाया पडून घ्यायला रांगेत उभे होते. त्यांतल्या एकालाही सायकल झेपली नसती."

पाळकसाहेब छताकडं बघू लागले.

"मला एवढंच कळत नाही," ती म्हणाली, "दुसऱ्याचे काका खपवता, आणि स्वतःच्या आईबद्दल कधी एक वाक्य नाही. का?"

"झगा जळेल."

"झगा मी बघते. तुम्ही स्वतःकडं बघा."

रविवारी सकाळी उंटाच्या चर्चच्या फाटकाशी त्यांचं स्वागत मंडळीच्या सेक्रेटरींनी केलं. सेक्रेटरी धंद्यानं विमा-एजंट होते आणि प्रत्येकाकडे, आता हा किती दिवस टिकेल, अशा नजरेनं बघत.

"तुमच्याबद्दल फार ऐकलंय," ते म्हणाले.

"काय?" पाळकसाहेबांनी इतक्या जोरात विचारलं की फाटकावरची चिमणी उडाली.

"चांगलंच. या, तुम्हाला आमचा शिवणवर्ग दाखवतो."

बाजूच्या खोलीत शिवणयंत्रांच्या रांगा होत्या. भिंतीवर एक मोठा फोटो: उंटाची आई यंत्रामागे बसलेली, चेहरा परीक्षेला बसल्यासारखा.

"पाळकसाहेबांच्या मातोश्री. काय तो त्याग! शेजारच्या पोराच्या ऑपरेशनसाठी स्वतःचं शिवणयंत्र विकलं. तो उपदेश ऐकून मंडळी इतकी हलली की हा वर्ग सुरू केला. पहिली शिलाई त्यांच्याच हातून घेतली." सेक्रेटरींनी आवाज खाली आणला. "म्हणजे, स्वतःचीच बाही शिवली त्यांनी कापडाला. कात्रीनं सोडवावं लागलं. वय झालं की व्हायचंच."

पाळकसाहेब जवळच्या स्टुलावर बसले. ते यंत्र त्यांनी लहानपणी पाहिलं होतं. त्याच्या खाली बसून, पायटा वरखाली होताना बघत ते अभ्यास करायचे.

झगा घालायच्या खोलीत जेमतेम एक कपाट आणि एक आरसा होता. ते आरशात कॉलर नीट करत असताना दार ढकलून उंटाची आई आत आली.

"अरे सुई! वाळलास की."

"मी जन्मापासून असाच आहे, काकू," ते पुटपुटले.

"आईच्या पोटात तरी धड जेवलास की नाही?"

पाळकसाहेब दचकले. ते अगदीच हळू बोलले होते. आणखी हळू, जवळजवळ ओठांतच ते म्हणाले, "तुम्हाला ऐकू येतं?"

"का? काय लपवायचंय तुला?" काकू हसल्या. "कान ठणठणीत आहेत माझे. कमी ऐकू येतं असं घरात सांगून ठेवलंय. सूनबाईचा माहेरी फोन चालू असतो आणि मधेच मला साक्षीला ओढते. कोण पडणार त्यात?"

मग त्यांनी दार लावून घेतलं, आणि त्यांचा चेहरा बदलला.

"आता पाळक म्हणून ऐका. मुलाला सांगायचं नाही. शब्द द्या."

'तू'चं 'तुम्ही' झालेलं पाहून पाळकसाहेब सरळ उभे राहिले. त्यांनी शब्द दिला.

"माझं डोकं जायला लागलंय," काकू म्हणाल्या.

"असं का वाटतं तुम्हाला?"

"दर महिन्या-दोन महिन्यांनी मुलगा व्यासपीठावरनं माझी एक गोष्ट सांगतो. मला एकही आठवत नाही. यंत्र विकलं म्हणे मी. अहो, मला शिवता येत नाही! बटण तुटलं तर मी शेजारणीकडं जायचे. पण मग वाटलं, शिवता येत होतं हेच विसरले असेन. त्या उद्घाटनाला मुद्दाम बसले यंत्रावर. म्हटलं, डोकं विसरलं तरी हात विसरत नाहीत." त्यांनी आपल्या हातांकडं असं पाहिलं, जणू ते भाड्यानं आणलेत. "आणि ती शेजारीण, जिच्याशी म्हणे माझं हाडवैर होतं. ती आजारी पडली तर मी सूप घेऊन गेले आणि म्हणाले, 'भांडण उद्या करू, आज जेव.' इतकं चांगलं वाक्य माझ्या तोंडून गेलं आणि मला आठवू नये?"

पाळकसाहेबांनी झग्याची बटणं लावायला घेतली. ती लावलेलीच होती, म्हणून त्यांनी ती काढली. ते सूप त्यांनी स्वतः धरलं होतं. दारात उभं राहून, हात भाजत.

"डॉक्टरकडं गेले, लपून. त्यानं वार विचारला, साल विचारलं, वजाबाक्या करायला लावल्या. म्हणाला, आजी, तुम्ही माझ्यापेक्षा बऱ्या आहात. पण डॉक्टर चुकू शकतो. माझा मुलगा व्यासपीठावर उभा राहून खोटं बोलेल का?"

"काकू—"

"नातीला आंघोळ घालणं सोडलंय मी. टबात बसवून विसरले तर? गॅसला हात लावत नाही. सूनबाईला वाटतं, म्हातारी आळशी झाली. होऊ दे वाटायला." त्यांचा आवाज प्रथमच हलला. "एका वृद्धाश्रमात खोली बघितलीय. बॅग भरून दाराशी ठेवलीय. आज तो आला की सांगणार आणि संध्याकाळी जाणार. मला त्याच्यासमोर रडू येऊ नये, एवढीच प्रार्थना करा."

"काकू, ते यंत्र—"

दार उघडलं. सेक्रेटरींचं डोकं आत आलं. "घंटा झाली. गायकमंडळी उभी आहेत."

पहिलं गीत सुरू झालं आणि पाळकसाहेब नुसतं तोंड हलवत राहिले. बोललं तर उंट संपला: कमिटी, बिशप, गळ्यातली कॉलर, सगळं. आणि उंटामागोमाग आपण, कारण उसना घेणारा चोर तर देणारा काय संत? नाही बोललं तर संध्याकाळी एक शहाणी बाई, वेडी समजून, स्वतःला कुठंतरी ठेवून येणार. मधला मार्ग म्हणून त्यांनी ठरवलं, उपासना संपली की काकूंना कोपऱ्यात घेऊन सांगू. दुसऱ्या गीताच्या ध्रुवपदापर्यंत हा बेत टिकला. मग त्यांच्या लक्षात आलं: काकूंनी डॉक्टरवर विश्वास ठेवला नाही, तर कोपऱ्यात कुजबुजणाऱ्या सुईवर काय ठेवणार? समजूत काढतोय म्हणतील. व्यासपीठावरून बिघडलेली गोष्ट खाली उभं राहून दुरुस्त होणार नव्हती.

व्यासपीठावर चढताना झगा पायरीत अडकला. पडल्यासारखं वाटलं, पडले नाहीत.

"निवासमंडपाचे पडदे," त्यांनी सुरुवात केली, आणि दातांच्या डॉक्टरांनी लगेच डोळे मिटले. पाळकसाहेबांनी लांबी सांगितली, रुंदी सांगितली, कड्यांपाशी आले. पहिल्या बाकावर काकू ताठ बसल्या होत्या आणि ओठ हलवत होत्या. त्या मापं पाठ करत होत्या. आठवतंय का, ते तपासत होत्या.

पाळकसाहेबांनी कागद मिटला.

"एवढे पडदे म्हणजे कुणीतरी ते शिवले असणार," ते म्हणाले. "शिवायला यंत्र लागतं." तेव्हा यंत्रं नव्हती, हे त्यांच्या मागाहून ध्यानात आलं, पण आता थांबलं तर कायमचं थांबणार होतं. "माझ्या आ…" त्यांनी व्यासपीठाच्या कडा घट्ट धरल्या. "माझ्या आईचं एक शिवणयंत्र होतं. तिनं ते विकलं. शेजारच्या मुलाच्या ऑपरेशनसाठी."

मंडळी कौतुकानं हसली. मग हसू हळूहळू विरलं. एकेकाच्या डोक्यात हिशोब सुरू झाल्याचं वरून स्पष्ट दिसत होतं. हाच त्याग, हेच यंत्र, हाच शेजारचा मुलगा. सेक्रेटरी उठून व्यासपीठाजवळ आले आणि हलक्या आवाजात म्हणाले, "तुम्ही आणि आमचे पाळकसाहेब… भाऊ आहात का?"

हलका आवाज माईकनं शेवटच्या बाकापर्यंत पोहोचवला. आता सगळ्यांच्या माना काकूंकडं वळल्या, आणि त्या नजरांत जे काही होतं ते शिवणवर्गाच्या भिंतीवर लावण्याजोगं नव्हतं. पाळकसाहेबांनी माईक झाकला, पण उशिरा. उंटाची अब्रू वाचवायच्या नादात त्यांनी त्याच्या आईची घालवली होती.

"नाही! भाऊ नाही!" ते ओरडले. "आई वेगळी, यंत्र एकच!"

गायकमंडळीतल्या कोणाचंतरी गीतांचं पुस्तक धपकन खाली पडलं.

काकू उभ्या राहिल्या. "ते यंत्र कुणी विकलं?"

"माझ्या आईनं."

"मी नाही?"

"नाही काकू. तुमच्याकडं यंत्र कधी नव्हतंच."

"आणि सूप?"

"तेही तिनंच. मी भांडं धरलं होतं. तिच्या सगळ्या गोष्टी मीच उंटाला दिल्या. म्हणजे तुमच्या पाळकसाहेबांना. मला सांगता येत नव्हत्या म्हणून."

काकूंनी बाकाची पाठ धरली. त्या पडतात की काय असं वाटून दोघीजणी धावल्या. पण त्या पडल्या नाहीत. "म्हणजे मी शहाणी आहे," त्या म्हणाल्या, आधी स्वतःशी आणि मग मागं वळून सगळ्यांना. "ऐकलंत का? मी शहाणी आहे! मला पहिल्यापासून शिवता येत नाही!" आणि खाली बसून त्या ढसाढसा रडल्या. दातांचे डॉक्टर जागे झाले आणि काय झालं ते न विचारताच रडू लागले.

सेक्रेटरी अजून तिथंच उभे होते. "मग ते उपदेश कुणाचे होते?"

"अर्धे त्याचे, अर्धे माझे."

"झोप येणारे कुठले?"

"आजचा माझा आहे," पाळकसाहेब म्हणाले.

"कमिटी बोलवावी लागेल," सेक्रेटरी म्हणाले. "दोघांवर." आणि जागेवर जाऊन बसले, पण घरी गेले नाहीत, कोणीच गेलं नाही. मग पाळकसाहेब बोलत राहिले. आवाज फाटत होता, वाक्यं अर्धवट सुटत होती, बोध कुठं काढायचा ते सुचत नव्हतं. नुसती आई सांगत होते. शेवटी प्रार्थनेसाठी त्यांनी डोळे मिटले, आणि कितीतरी काळानंतर त्यांना वाटलं की पलीकडं कोणीतरी खरंच ऐकतंय. त्यामुळं ते इतके घाबरले की एका वाक्यात आमेन म्हणून मोकळे झाले.

दुपारी ते उंटाच्या स्वयंपाकघरात काकूंसमोर बसले होते. दाराशी भरलेली बॅग तशीच होती. काकूंनी स्वतः गॅस पेटवून चहा केला आणि पेटवताना काडी जरा जास्तच ऐटीत ओढली.

"तुझ्यावर मी रागावणार आहे," त्या म्हणाल्या. "पण मागाहून. आधी तिचं सांग. इतकी वर्षं माझ्या नावावर राहिलीय बाई. मला ती आवडायला लागली होती रे. वाटायचं, आपण एवढ्या चांगल्या होतो? मग कधी बिघडलो?"

पाळकसाहेबांनी कप खाली ठेवला. एक गोष्ट त्यांनी कोणालाच दिली नव्हती. "शेवटच्या दिवशी ती म्हणाली, प्रार्थना कर. मी नवाच पाळक झालो होतो. तोंड उघडलं आणि काही येईना. एक शब्द नाही. तेव्हा तीच म्हणाली, थांब, मी करते. डोळे मिटले आणि बाजारातून सामान सांगावं तशी सांगायला लागली. 'याला झोप लागू दे. याला जेवायची आठवण राहू दे. आणि याचे मोजे कोणीतरी धुवा, वास येतोय.' आमेन म्हणाली नाही. राहून गेलं."

काकूंनी कप बाजूला सरकवला. मग टेबलाखाली वाकून त्यांनी सुईच्या मोज्यांकडं पाहिलं. "आजही येतोय," त्या म्हणाल्या. आणि पाळकसाहेब हसता हसता कधी रडायला लागले ते त्यांना कळलं नाही.

तेवढ्यात बायकोचा फोन आला. "तुमच्या मित्रानं इथं पोस्टमन काका सांगितले," ती म्हणाली. "दुसरं काही सुचलं नसावं. सगळे मला विचारतायत, तुम्ही दोघं सख्खे की चुलत. मी काय सांगू?"

"खरं सांग."

"मी?" ती म्हणाली. "मी गणित शिकवते. तुम्ही या आणि सांगा." पण आवाज रागाचा नव्हता. "तुम्ही रडताय का?"

"हो."

"बरं," ती म्हणाली. "सावकाश या."

बाहेर स्कूटर थांबली. सूनबाई नातीला घेऊन माहेरी उतरली होती, त्यामुळं उंट एकटाच होता. काकूंनी झटकन डोळे पुसले. "तू एक शब्द बोलायचा नाहीस," त्यांनी सुईला बजावलं, आणि टेबलाखाली त्याच्या पावलावर आपलं पाऊल ठेवलं.

उंट मान डोलावत आत आला. सकाळपासून त्याचा फोन बंद असणार, कारण चेहरा अजून माणसासारखा होता. "आई, भूक लागलीय! सुई, कसा झाला रे? कोणाला काही कळलं नाही ना?"

काकूंनी त्याच्याकडं पाहिलं. सभ्य, अनोळखी नजरेनं. "आपण कोण?"

उंट हसला. "आई, काय गं."

"हे कोण?" काकूंनी पाळकसाहेबांना विचारलं. पावलावरचा दाब वाढला. खोटं बोलायचं नाही असं पाळकसाहेबांनी सकाळीच ठरवलं होतं, आणि खरं बोलायची परवानगी नव्हती. त्यांनी एक अख्खं बिस्किट तोंडात घातलं.

उंटाची नजर दाराकडं गेली. बॅग दिसली. त्याची लांब मान खांद्यांत गेली, आणि तो आईच्या खुर्चीशी खाली जमिनीवर बसला. "आई, मी. अगं, मी आहे."

"मला काहीतरी आठवण सांगा," काकू म्हणाल्या. "म्हणजे ओळख पटेल."

"तू… तुझं ते शिवणयंत्र होतं बघ, तू ते—"

"ते नको," काकू म्हणाल्या. "ते माझ्या डोक्यात बसत नाही. दुसरं."

उंटानं घाईघाईनं आठवून पाहिलं. शेजारणीचं सूप त्याच्या ओठांवर येऊन परत गेलं. पेलाभर पाण्यावर तासन्‌तास बोलणारा तो माणूस जमिनीकडं बघत बसून राहिला. त्याला कुठंतरी फार मागं जाऊन शोधावं लागत होतं.

"तू रस्ता चुकायचीस," शेवटी तो म्हणाला. हा त्याचा व्यासपीठावरचा आवाज नव्हता. "मला शाळेत सोडताना. रोज. आणि कबूल नाही करायचीस. म्हणायचीस, आज जरा नवीन बाजूनं जाऊ. मला सगळं गाव माहीत झालं होतं, फक्त शाळा कुठं आहे ते माहीत नव्हतं."

"बरं," काकू म्हणाल्या. "आणि?"

"आणि… बाबा गेले त्या आठवड्यात तू मला चित्र काढायला बसवलंस आणि स्वतः कपाटात जाऊन उभी राहिलीस. कपाटाचं दार लावून. मला वाटायचं तू लपाछपी खेळतेयस. मी शोधायलाच आलो नाही. मला आत्ता कळतंय, आई, की मी शोधायला यायला हवं होतं." तो आता रडत होता, आणि ते रडणं अजिबात नीटनेटकं नव्हतं, त्यात नाकही होतं.

पाळकसाहेबांच्या पावलावरचा दाब केव्हाच गेला होता. काकूंचा हात उंटाच्या डोक्यापर्यंत गेला, तिथं थांबला, आणि त्यांनी तो मागं घेतला. इतक्यात सोडणार नव्हत्या त्या.

"ओळखीचं वाटतंय," त्या म्हणाल्या. "पुढं सांगा."